रेडिओच्या घरात ड्रोन नको, कॅमेरा हवा

मित्रमैत्रिणींनो, आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकहो,

आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे, असे आपण निबंधात नेहमी लिहितो. ते खरेच आहे. आता हळदीच्या मांडवावरसुद्धा ड्रोन घरघर करत फिरतो आणि वऱ्हाडी पंगतीत हात थांबवून वर बघतात. आपल्या वर्गाची सहल आकाशवाणी केंद्र पाहायला न्यायचे चालले आहे. तेव्हा काही जणांनी सूचना केली की, लग्नाचे शूटिंग करणाऱ्या दादांना बरोबर घ्यावे, ड्रोन थेट स्टुडिओत उडवावा आणि ती फिल्म स्नेहसंमेलनात दाखवावी. माझे मत वेगळे आहे. फिल्म जरूर काढावी, पण स्टुडिओत ड्रोन उडवू नये.

आधी स्टुडिओ म्हणजे काय ते पाहू. स्टुडिओ म्हणजे शांतता सांभाळून ठेवलेली खोली. तिला एकामागे एक अशी दोन जड दारे असतात. पहिले लावायचे, मगच दुसरे उघडायचे, म्हणजे बाहेरचा गोंगाट आत शिरत नाही. भिंतींना बारीक भोकांच्या फळ्या किंवा मऊ गाद्या लावलेल्या असतात. आपल्या वर्गात टाळी वाजवली की आवाज भिंतीवर आपटून परत येतो. तिथे भिंतच तो पिऊन टाकते. जाड काचेपलीकडे यंत्रे सांभाळणारे लोक बसतात आणि हाताने खुणा करतात. लाल दिवा लागला की माईक चालू आहे असे समजायचे. मग कागदाचे पान उलटले तरी ते ऐकू जाते.

अशा खोलीत ड्रोन सोडला तर काय होईल? त्याचे चार पंखे जोराने हवा खाली ढकलतात, तेव्हा कुठे तो वर राहतो. म्हणजे वारा आणि आवाज दोन्ही होणारच. निवेदकाचे कागद उडतील. नेम चुकला तर काच, माईक नाहीतर कोणाचा तरी डोळा जाईल. “बिनआवाजाचा ड्रोन आणू,” असे म्हणणाऱ्याने आधी बिनवाऱ्याचा पंखा आणून दाखवावा!

कोणी म्हणेल, परदेशात असे करतात. हो, करतात. २०२१ साली अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात जे क्रिस्टेन्सन यांनी एका बोलिंगच्या खेळघरात ड्रोन उडवून एका दमात फिल्म घेतली. साऱ्या जगात तिचे कौतुक झाले. पण त्या फिल्ममधले बोलणे-हसणे मागाहून भरलेले आहे, कारण ड्रोनच्या घरघरीत ते टिपताच आले नसते. खेळघराचे तसे चालेल. रेडिओतून आवाजच काढला तर उरले काय? टेबल आणि खुर्च्या!

याच्या उलट, फिल्मच काढू नका असे म्हणणारेही आहेत. आमचे आजोबा अहिराणीत म्हणतात, “रेडिओ कानघाई देखना पडस.” त्यांचे म्हणणे मला अर्धे पटते. आवाज ऐकून मनात चित्र काढण्याची मजा वेगळीच. पण जळगावचे आकाशवाणी केंद्र १९७६ साली सुरू झाले. तेव्हापासून खेड्यापाड्यांतल्या किती लोकांनी तो आवाज ऐकला, आणि तो कुठून येतो हे किती जणांनी पाहिले? आपल्यापैकी कितीतरी जण शहरात गेल्यावर अहिराणी बोलायला लाजतात. आपल्यासारखीच बोली बोलणारे माणूस त्या माईकसमोर बसते हे डोळ्यांनी पाहिले, तर “मी पण बसू शकते,” असे एखाद्या मुलीला वाटेल. आपल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरच्यांनी त्यांच्या ओव्या लिहून ठेवल्या, म्हणून त्या आज आपल्या पुस्तकात आहेत. बोललेले जपून ठेवणे किती मोठे काम आहे ते यावरून कळते.

म्हणून माझ्या सूचना अशा :

१) मुख्याध्यापकांनी केंद्राला आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी. ते नको म्हणाले, तर विषय संपला.

२) ड्रोन फक्त इमारतीबाहेर, तोही केंद्राची हरकत नसेल तर. २०२१ च्या नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे प्रमाणपत्र लागते, आणि ते १८ वर्षांखालील कोणालाही मिळत नाही. मोकळ्या हद्दीतही ४०० फुटांवर जायचे नाही. जळगावला विमानतळ आहे, तेव्हा सरकारी नकाशा पाहूनच काय ते ठरवावे.

३) आत चालता कॅमेरा न्यावा. त्यासाठी फार खर्च नको. चाकाच्या खुर्चीत एकाने मोबाईल घेऊन बसावे, दुसऱ्याने हळूहळू ओढावे. हे फक्त लाल दिवा बंद असताना. दिवा लागला की कॅमेरा काचेबाहेर, स्टँडवर.

४) फिल्मचा आवाज स्टुडिओच्या माईकवरूनच घ्यावा.

५) स्नेहसंमेलनात पडदा एक मिनिट काळाच ठेवावा. आधी नुसता आवाज ऐकवावा, मग चेहरा दाखवावा. म्हणजे आजोबांचेही समाधान होईल आणि आपलेही.

पालकांना विनंती की, मुलांना, विशेषतः मुलींना, या सहलीला जरूर पाठवावे. ज्यांना माझे मत पटत नसेल त्यांनी आपले मत लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावे. पुढच्या अंकात तेही इथेच लावू.

– इयत्ता ७ वीची एक विद्यार्थिनी