डीआयसी कमी, म्हणून मॉडेल चांगले?

संपादक महोदय,

बेझियन नेटवर्क मेटा-ॲनालिसिसवरील गेल्या अंकातील पत्रात ‘डीआयसी सर्वांत कमी ते मॉडेल घ्यावे, बाकी घोळ कशाला?’ असे म्हटले आहे. डीआयसी म्हणजे डेव्हिअन्सची (आकड्यांशी न जुळण्याच्या मापाची) सरासरी अधिक प्रभावी प्राचलसंख्या, म्हणजे मॉडेलची गुंतागुंत. नियम सोपा आहे, पण अपुरा.

धूम्रपान सोडवण्याच्या उपायांवरील २४ चाचण्यांचे प्रसिद्ध उदाहरण घ्या. त्यात उपाय चार: काहीच मदत नाही, स्वमदत, वैयक्तिक समुपदेशन आणि गट समुपदेशन. २२ चाचण्या दोन गटांच्या, दोन चाचण्या तीन गटांच्या. दर गटामागे एक, म्हणजे ५० निरीक्षणे. मॉडेल नीट बसले, तर रेसिड्युअल डेव्हिअन्सची सरासरी ५०च्या जवळपास यावी. रँडम इफेक्ट्स मॉडेलमध्ये ती ५४च्या आसपास येते. फिक्स्ड इफेक्टमध्ये कितीतरी वर जाते. मॉडेल मुळात बसते का, हे असे कळते; डीआयसी मात्र फक्त डावे-उजवे ठरवतो. दोन्ही मॉडेले टाकाऊ असली, तर ते त्यातून कळत नाही. दोन-तीन अंकांच्या फरकावर निकाल देणे तर धाडसाचेच.

आणखी एक. रँडम इफेक्ट्सचे हे यश फुकटचे नाही. चाचण्या-चाचण्यांमधली तफावत मोठी धरल्यामुळेच आकडे जुळतात. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष पुराव्यांतली विसंगतीही त्याच तफावतीत मुरून जाऊ शकते. म्हणून विसंगतीला वाव देणारे मॉडेलही बसवून ते आणि नेहमीचे सुसंगती धरणारे मॉडेल या दोहोंतील प्रत्येक गटाचा डेव्हिअन्स शेजारी-शेजारी ताडून पाहावा लागतो. एकूण बेरीज सारखी असली, तरी एखादी चाचणी बंडखोर निघू शकते.

तेव्हा शोधनिबंधात डेव्हिअन्स, प्रभावी प्राचलसंख्या, डीआयसी आणि तफावत हे चारही आकडे एकाच तक्त्यात छापावेत, असा आग्रह आपण धरावा.

– संख्याशास्त्राची एक शिक्षिका, पुणे