नाव कमी करणे

आमचे अण्णा वाई तालुक्यात आणि त्याच्या आसपास तीस वर्षांहून अधिक काळ तलाठी होते, आणि माणसाच्या आयुष्यातली कोणतीही उलथापालथ, मग ती जन्माची असो, मृत्यूची असो, वाटणीची असो की गहाणखताची, अखेर कोणत्या तरी दप्तरातल्या एका ओळीत येऊन स्थिरावते, अशी त्यांची निष्ठा होती. त्यामुळे २०२२ च्या दिवाळीत, घरच्या सोप्यात बसून, जर्मनीचे नागरिकत्व स्वीकारावे असे आम्हां उभयतांच्या मनात आहे आणि ते स्वीकारले की भारताचे नागरिकत्व कायद्यानेच संपुष्टात येते, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी देशप्रेमाचा प्रश्न काढला नाही. बराच वेळ ते गप्प राहिले आणि मग त्यांनी एवढेच विचारले, "म्हणजे बाळ, इथलं नाव कमी करायचं?"

हा शब्दप्रयोग आमच्या घराला नवा नव्हता. २००४ साली माझे लग्न झाले तेव्हा तहसील कचेरीच्या खिडकीपाशी उभे राहून अण्णांनीच माझे नाव घरच्या शिधापत्रिकेवरून कमी करून आणले होते. कारण नाव कमी केल्याचा दाखला हजर केल्यावाचून सासरच्या पत्रिकेवर ते चढत नसे. तो दाखला मी अजून जपून ठेवला आहे. कागद पातळ, घडीवर विरत चाललेला, खालच्या कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का, आणि त्या शिक्क्यातली तालुक्याच्या नावाची अक्षरे अर्धी उमटलेली, अर्धी पुसट. अण्णांनी तो माझ्या हातात देताना दुसरीकडे पाहिले होते, आणि त्या दिवाळीतही त्यांनी दुसरीकडेच पाहिले.

लग्नानंतर दोन वर्षांनी आम्ही स्टुटगार्टला आलो. चहूबाजूंनी टेकड्या, त्यांच्या उतारांवर थेट वस्तीपर्यंत उतरलेले द्राक्षमळे, आणि एका गल्लीतून दुसरीत चढून जाण्यासाठी बांधलेले शेकडो दगडी जिने, असे हे शहर आहे. येथे भाडेकरू म्हणून पाऊल टाकले की पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे केरवोखे. घरातील प्रत्येक बिऱ्हाडाकडे आळीपाळीने एक आठवडा येतो, त्या आठवड्यात दाराच्या मुठीला एक छोटी पाटी अडकलेली असते, आणि ती पाटी ज्याच्या दारी असेल त्याने सामाईक जिना पुसायचा, अंगण झाडायचे, घरासमोरचा पदपथ स्वच्छ ठेवायचा आणि हिवाळ्यात त्यावरचे बर्फही ओढायचे. त्या शब्दातला 'केर' आणि आपला केर यांचे नाते असण्याचा संभव नाही; तरीही परक्या देशाने माझ्यावर सोपवलेल्या पहिल्या कर्तव्याच्या नावात आईच्या तोंडचा शब्द ऐकू यावा, याचे मला त्या काळात फार अप्रूप वाटे. पाटी माझ्या दारी आली की मी ती चुकवीत नसे. माझ्या वाट्याचे कर मी भरीत होते, विम्याचे हप्ते भरीत होते, आणि मुलाच्या शाळेच्या पालकसभेला जात होते.

परंतु २०११ च्या नोव्हेंबरात, शहराचे जुने रेल्वेस्थानक भूमिगत करण्याच्या योजनेवरून सारे राज्य दुभंगले असताना जेव्हा सार्वमत घेण्यात आले, तेव्हा आमच्या जिन्यातली बहुतेक माणसे सकाळी उठून मतदानाला गेली आणि मी घरी राहिले. त्या खोदकामाची धूळ माझ्याही खिडकीवर बसणार होती. पुढे नगरसभेची निवडणूक आली. वरच्या मजल्यावर आदल्या वर्षी राहायला आलेल्या ग्रीक बाईंना, युरोपीय संघाच्या नागरिक म्हणून, तीत मत होते. माझी वर्षे त्यांच्याहून कितीतरी अधिक असूनही मला नव्हते. इतर परदेशीयांना स्थानिक मताधिकार देण्याचा प्रयत्न इथल्या दोन राज्यांनी पूर्वी करून पाहिला होता, पण राज्याचे लोक म्हणजे राज्याचे नागरिक, असा निवाडा देऊन घटना न्यायालयाने १९९० साली तो रद्दबातल ठरवला. निवाडा मी वाचला तेव्हा त्याचा मला राग आला नाही. त्यातला तर्क मला ओळखीचा होता, कारण आपल्या गावगाड्यात तोच तर्क पिढ्यान् पिढ्या चालत आला होता.

पेशवाईतल्या दख्खनी खेड्यात कसणाऱ्यांचे दोन वर्ग असत, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, गावच्या बैठकीत त्याला मान आणि आवाज. दुष्काळाने वा दंग्याने तो परागंदा झाला तरी वर्षांनी परतून तो आपली मिरास मागू शके. उपरी बाहेरून आलेला, कराराने जमीन कसणारा, सारा भरणारा, पण गावच्या निर्णयात त्याचा शब्द चालत नसे. आज आपण सहज वापरतो तो 'उपरा' हा शब्द याच कुळातला. स्टुटगार्टात मी उपरी होते, आणि वाईला, जिथे वर्षातून जेमतेम तीन आठवडे माझा मुक्काम असे, तिथे मिरासदार होते.

त्या मिरासदारीचा अनुभवही मी एकदा घेतला. परदेशस्थ नागरिकांना आपल्या मतदारसंघात समक्ष येऊन मत देण्याची सोय २०१० च्या कायद्याने झाली होती. यादीत नाव घालून मी २०१४ च्या ऑक्टोबरात, विधानसभेच्या निवडणुकीला, गावच्या शाळेतल्या केंद्रावर मत दिले. आनंद झाला हे मी नाकारीत नाही. मात्र परत निघताना एसटीच्या खिडकीतून टँकरपाशी घागरी मांडून उभ्या असलेल्या बायका दिसल्या आणि मन खाली गेले. मी निवडलेला माणूस पाणी आणतो की नाही, याचा जाब त्या बायकांना रोज सकाळी रिकाम्या घागरीच्या रूपाने मिळणार होता. मला मिळणार नव्हता. बोटावरची शाई स्टुटगार्टात महिनाभरात उतरली. ज्या मताचे फळ मला भोगावे लागणार नाही ते मत देणे हा माझा हक्क असेल, पण तो मी पुन्हा बजावला नाही.

जन्माने मिळालेले नागरिकत्व अढळ आणि अर्जाने मिळालेले उसने, असे आमचे अनेक आप्त म्हणतात आणि मीही दीर्घकाळ तसेच मानीत होते. ते मत माझ्या दारासमोरच्या पदपथाने बदलले. तिथे फरसबंदीत तळहाताएवढे दोन पितळी चौकोन बसवलेले आहेत. नाझी राजवटीत ज्यांना घरातून नेऊन मारले त्यांच्या घरांसमोर असे चौकोन बसवण्याचे काम गुंटर डेम्निग या कलावंताने आरंभले आणि आज ते युरोपभर पसरले आहे. आमच्या दारच्या दोन्हींवर एकच सुरुवात आहे, 'येथे राहत होती', मग नाव, जन्मसाल, १९४१, रिगा. केर काढताना मी ते ओल्या फडक्याने पुसते; पितळ काळे पडते, पुसले की अक्षरे वर येतात. १ डिसेंबर १९४१ रोजी या शहरातून सुमारे हजार ज्यू माणसे आगगाडीने रिगाला धाडण्यात आली, आणि त्याच्या अवघ्या सहा दिवस आधी निघालेल्या एका फर्मानाने असे ठरवले होते की सरहद्दीबाहेर वास्तव्य असलेल्या ज्यूचे जर्मन नागरिकत्व गेले आणि त्याची मालमत्ता सरकारजमा झाली. गाडीत कोंबून बाहेर न्यायचे आणि बाहेर गेला म्हणून नाव कमी करायचे. ती माणसे उपरी नव्हती, इथल्याच मातीत जन्मलेली होती. म्हणून १९४९ मध्ये जर्मनीची नवी राज्यघटना झाली तेव्हा कोणाचेही नागरिकत्व हिरावून घेता येणार नाही असे कलम तीत घालावे लागले, आणि ज्यांचे ते हिरावले गेले त्यांना व त्यांच्या वंशजांना ते परत मागण्याचा अधिकार द्यावा लागला. हे पितळ पुसता पुसता माझ्या ध्यानात आले, की जन्म हा नागरिकत्वाचा आधार असेल, पण त्याचा पहारेकरी नव्हे. पहारा जिवंत माणसांनी, मत देऊन आणि बोलून, ठेवावा लागतो.

आता कायद्याची बाजू. पूर्वी जर्मनीही बहुतेक परकीयांना पहिले नागरिकत्व सोडून ये म्हणत असे. २७ जून २०२४ पासून ती अट गेली, आणि वास्तव्याची मुदतही आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आली. आमच्याबरोबरच्या तुर्की कुटुंबांना त्या दिवशी मिठाई वाटावीशी वाटली. आम्हांला वाटण्याजोगे काही नव्हते, कारण आमच्यापुढचे दार दुसऱ्या बाजूने बंद होते. स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेतलेला मनुष्य भारताचा नागरिक राहणार नाही, हे आपल्या घटनेचे नववे कलम आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचेही नववेच कलम सांगते. घटनेतली नागरिकत्वाची कलमे फाळणीच्या वणव्यात लिहिली गेली. कोण इकडचा आणि कोण तिकडचा हे ठरवताना मसुदा समितीला फारच थोड्या कलमांनी इतका मनस्ताप दिला, असे डॉ. आंबेडकरांनी ऑगस्ट १९४९ मध्ये घटनासमितीत सांगितले होते. त्या वेळची भीती खरी होती आणि तिला मी नावे ठेवीत नाही.

पण त्याच देशाने दुसऱ्या एका जुन्या कायद्याचे काय केले तेही पाहावे. लग्न होऊन गेलेल्या मुलीचा वडिलार्जित एकत्र मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा नाही, हा हिंदू कायद्याचा शतकांचा दंडक. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो अंशतः मोडला आणि संसदेने २००५ मध्ये मुलीला, ती विवाहित असो वा नसो, मुलाच्या बरोबरीने सहदायाद केले. एका घरी नाव चढले म्हणजे दुसऱ्या घरचे जन्माचे नाते तुटत नाही, हे आपण मुलींच्या बाबतीत मान्य केले. त्याच २००५ साली परदेशी नागरिक झालेल्या आपल्या माणसांसाठी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा कायदा झाला. त्याच्या नावात नागरिकत्व आहे, पण मत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेण्याची मुभा नाही. आजन्म येण्याजाण्याची परवानगी आहे, आणि तेवढ्यापुरती मी कृतज्ञ आहे. मत मला दोन्हीकडे नकोच. ते कुठे असावे याविषयी माझे म्हणणे मी वर सांगितले आहे. मताधिकार गोठवून जन्माचे नागरिकत्व तेवढे शिल्लक ठेवता येईल का, याचा विचार आपल्या संसदेने एकदा तरी शांतपणे करावा, इतकीच माझी विनंती आहे. गोव्यातल्या कितीतरी घरांत आज हाच प्रश्न आहे; १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या नोंदी लिस्बनच्या दप्तरात रुजू करून त्यांची मुलेनातवंडे पोर्तुगालचे नागरिकत्व घेतात, आणि पोटापाण्यासाठी घेतलेल्या त्या एका कागदापायी आजीच्या अंगणात परदेशी ठरतात.

आम्ही अर्ज केला. माणशी २५५ युरो आणि मुलाचे ५१ भरले. तीनशे दहा प्रश्नांच्या संचातून निवडलेल्या तेहतीस प्रश्नांची परीक्षा दिली, जीत सतरा उत्तरे बरोबर यावी लागतात. २०२४ च्या नोव्हेंबरात एका साध्या खोलीत उभे राहून, येथील राज्यघटना व कायदे यांचा आदर राखीन आणि या राज्याला अपाय होईल असे काही करणार नाही, हे मी मोठ्याने म्हटले आणि सनद हाती घेतली. शब्द म्हणताना माझ्या मनात किंतु नव्हता. त्यातले अक्षर न् अक्षर मी अठरा वर्षे पाळतच होते. पुढच्या फेब्रुवारीत कागदी मतपत्रिकेवर दोन फुल्या मारून मी माझे पहिले जर्मन मत दिले. भारतीय पारपत्र वकिलातीकडे सुपूर्द केले. ते कोपरा कापून आणि रद्द केल्याचा शिक्का मारून, सोबत प्रमाणपत्रासह, परत आले. शिधापत्रिकेच्या दाखल्याशेजारी मी ते ठेवले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

अण्णा २०२५ च्या मे महिन्यात गेले. वारस नोंदीसाठी मी गावी गेले तेव्हा मनात एकच शंका होती, आणि ती मी संकोचाने नव्या तलाठ्यांना विचारली. तरुण मुलगा होता, अण्णांना ओळखत होता. "ताई, परदेशी नागरिकाला शेतजमीन विकत घेता येत नाही," तो म्हणाला, "वारसा घेता येतो. अण्णासाहेबांनीच मला हे शिकवलंय." त्याने अर्ज घेतला, वारसांना नोटिसा काढल्या, आणि मुदत संपल्यावर मंडल अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. नदीकाठच्या आमच्या एकवीस गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर भावाच्या नावाखाली आता माझे नाव आहे.