नव्याने कल्पणे

'कल्पणे' हे क्रियापद बोलण्यात क्वचितच येते. परंतु कल्पना, कल्पक, संकल्प हे त्याच्या कुळातील शब्द सर्वांच्या तोंडी असतात. ह्या सर्वांचे मूळ संस्कृत 'क्लृप्' ह्या धातूत आहे. जुळणे, योग्य होणे असा त्या धातूचा अर्थ. तेव्हा कल्पणे म्हणजे केवळ मनोराज्य करणे नव्हे. एखाद्या गोष्टीची मनात नीट जुळणी करणे, हा त्याचा खरा अर्थ होय.

'नव्याने' हा शब्द जोडला की ह्या क्रियापदाची जबाबदारी वाढते. जुन्या भिंतीला रंग दिला, तर ती रंगवली. फाटलेले पुस्तक शिवले, तर ते दुरुस्त केले. अशा कामांस 'नव्याने कल्पिले' म्हणणे हा शब्दाचा अपव्यय आहे. मग हे क्रियापद कोठे शोभेल?

लुई ब्रेल १८०९ साली फ्रान्समध्ये जन्मला. बालपणीच्या अपघातामुळे त्याची दृष्टी गेली. पॅरिसच्या अंधशाळेतील पुस्तकांत नेहमीचीच अक्षरे उठावाने छापलेली असत. डोळ्यांसाठी घडलेली ती वळणे बोटांना ओळखणे जड जाई. पुढे शार्ल बार्बिये ह्यांनी उंच ठिपक्यांची पद्धती शाळेपुढे ठेवली. ठिपका बोटाला चटकन कळे. परंतु एका चिन्हात बारापर्यंत ठिपके येत, ते एका बोटाखाली मावत नसत. शिवाय तीत केवळ उच्चार लिहिता येई. शुद्धलेखनास व विरामचिन्हांस जागा नव्हती.

ब्रेलने ठिपका ठेवला, माप मात्र बोटाच्या टोकाचे घेतले. १८२४ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याने सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. सहा ठिपक्यांच्या निरनिराळ्या जुळणीतून ६३ चिन्हे होतात. १९५१ साली भारतीय भाषांसाठी स्वीकारलेली 'भारती ब्रेल' ह्याच सहा ठिपक्यांवर उभी आहे. तीत मराठीही वाचता येते.

ब्रेलने जुने सर्व टाकले नाही, आणि त्यास नुसती डागडुजीही केली नाही. लिपी कोणासाठी आहे, हा मूळ प्रश्नच त्याने पुन्हा विचारला. नव्याने कल्पणे ते हेच. म्हणून हा शब्द उच्चारताना संकोच असावा. तसे करून पाहताना मात्र कोणीही, वयाने लहान असला तरी, संकोचू नये.