अपघात पाहणाऱ्याचे कर्तव्य

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसपट्ट्यातील रस्ते रात्रंदिवस वाहते राहतात. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, टायरच्या बैलगाड्या आणि मालमोटारी यांची रांग पहाटेपर्यंत संपत नाही. अशा रात्री कडेला बंद पडलेल्या ट्रॉलीवर मागून येणारी मोटारसायकल आदळते. आवाज ऐकून वस्तीवरील माणसे धावत येतात, विजेऱ्या पेटतात, गर्दी जमते. परंतु जखमीला हात लावावयास कोणी धजत नाही. “उगीच पोलिसांचे लचांड मागे लागेल,” असे एकाने म्हणावे आणि इतरांनी माना डोलवाव्या, हा प्रकार अनेक गावांच्या परिचयाचा आहे.

या माणसांच्या ठिकाणी दया नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या ठिकाणी भीती आहे, आणि ती निराधारही नव्हती. ज्याने जखमीस दवाखान्यात नेले त्यालाच प्रश्न विचारले गेले, त्याच्याच कोर्टाच्या खेपा सुरू झाल्या, असे अनुभव लोकांच्या स्मरणात आहेत. परंतु आज परिस्थिती बदलली आहे, आणि ही गोष्ट गावोगाव पोहोचलेली नाही, हे खरे दुखणे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठी ठरविलेल्या सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालण्यात आले आणि २०२० साली त्याखालील नियम झाले. सद्भावनेने मदत करणाऱ्यास आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार होणे त्याच्या इच्छेवर आहे. तो साक्षीदार झाला तर त्याच्या सोयीच्या ठिकाणी व वेळी, घरीसुद्धा, एकदाच जबाब घ्यावयाचा आहे. गंभीर जखमीस पहिल्या तासात रुग्णालयात पोहोचविणाऱ्यासाठी केंद्र शासनाने २०२१ साली ५,००० रुपयांचे पारितोषिक सुरू केले व २०२५ साली ते २५,००० रुपये केले. त्याच वर्षी अपघातग्रस्तास ठरविलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न भरता उपचार मिळण्याची योजनाही लागू झाली. पारितोषिकासाठी कोणी मदत करावी असे नव्हे. पण भीतीपोटी कोणी मागे राहण्याचे कारण आता उरलेले नाही.

काय करावयाचे तेही कठीण नाही. प्रथम एकाने विजेरी घेऊन मागे जावे व येणारी वाहने सावध करावी, नाहीतर एका अपघाताचे दोन होतात. दुसऱ्याने १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी व गावाचे, फाट्याचे नाव स्पष्ट सांगावे. रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ धोतर वा पंचा घट्ट दाबून धरावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. आगीचा किंवा वाहनांचा धोका नसेल तर जखमीस ओढून उचलू नये. मानेला वा कण्याला इजा झाली असल्यास त्याने अपाय होतो.

परंतु अपघातानंतर धावण्यापेक्षा तो टाळणे श्रेयस्कर, आणि येथे शेतकऱ्यास स्वतःकडेही पाहिले पाहिजे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. चालकास अडथळा दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढे अंतर सरते, आणि वाहन थांबण्यास पुढे किमान तितकेच अंतर लागते. मागे दिवा नसलेली, उसाच्या वाढ्यांनी झाकलेली ट्रॉली अंधारात इतक्या दुरून दिसत नाही. चकाकणारी लाल पट्टी ट्रॉलीच्या मागे आणि बैलगाडीच्या साटीला लावण्यास खर्च थोडा येतो. न लावल्यास कोणाचे तरी घर बसते. गाडी बंद पडली की चाकामागे दगड लावावयाचे आणि दुरुस्तीनंतर ते तसेच टाकून जावयाचे, ही सवयही घातक आहे. सोयाबीन वा मका वाळविण्यासाठी अर्धा रस्ता अडविणे आणि रात्री त्याभोवती धोंडे मांडणे, हेही तसेच. ‘आपल्या गावचा रस्ता’ याचा अर्थ तो आपले खळे आहे, असा होत नाही.

देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. एवढा मोठा आकडा ऐकून मन बधिर होते. परंतु गावातील एक कर्ता मुलगा गेला की त्याचा अर्थ कळतो. त्या घराची पेरणी पुढच्या मृगाला कोण करणार, हा प्रश्न कोणत्याही तक्त्यात मांडलेला नसतो.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामाची मोळी पडण्यापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. कायद्याची तरतूद सोप्या शब्दांत वाचून दाखवावी, १०८ क्रमांक चावडीवर ठळक लिहावा आणि गावातील प्रत्येक ट्रॉली व गाडी पट्टी लावल्याखेरीज कारखान्यावर जाणार नाही, असा निर्धार करवून घ्यावा. बियाणे आणि खते यांची माहिती जितक्या आस्थेने दिली जाते, तितक्याच आस्थेने हीही दिली पाहिजे. पीक कितीही चांगले आले तरी ते विकून माणूस सुखरूप घरी परतला, तरच त्याचा उपयोग.