पेन्शनच्या तलावात पाणी किती?

मुंबईकरांनो,

माझे वडील महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले होते. पहाटेच्या अंधारात खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून निघायचे, गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह फिरवायचे. मग चाळीतल्या नळांना आधी हवा यायची आणि मागून पाणी. आज ते 78 वर्षांचे आहेत. दर नोव्हेंबरात मी त्यांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेते. यंत्रावर अंगठा पहिल्या खेपेला कधीच उमटत नाही. चावी फिरवून फिरवून रेघा झिजल्यात. ते अंगठा धोतराला पुसतात आणि पुन्हा ठेवतात. चौथ्यांदा कधीतरी हिरवा दिवा लागतो.

त्यांचं पेन्शन महिन्याच्या महिन्याला जमा होतं. तक्रार काहीच नाही, आणि म्हणूनच हे आवाहन आज करते आहे. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली सवय पेन्शनच्या बाबतीत फार महागात पडेल.

जून उजाडला की सात तलावांत किती पाणी आहे, हे आपण रोज पेपरात बघतो. पूर्ण भरले तर 14.47 लाख दशलक्ष लिटर, आणि आज त्याच्या किती टक्के, हे रिक्षावालाही सांगतो. टक्का घसरला की पाणीकपात येणार हे आपल्याला आधीच कळतं. आता सांगा, महापालिकेनं कामगारांना कबूल केलेल्या पेन्शनपैकी किती टक्के रक्कम आज बाजूला काढलेली आहे? हा आकडा आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

जुन्या योजनेतलं पेन्शन म्हणजे दिलेला शब्द. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, त्यावर महागाई भत्ता, आणि माणूस गेल्यावर जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन. 5 मे 2008 नंतर लागलेल्यांना ही योजना नाही. त्यांच्या पगारातून दरमहा वर्गणी कापली जाते आणि पुढचा भार बाजारावर. त्यामुळे जुनी योजना संपत आली, असा अनेकांचा समज आहे. हिशेब करून बघा. एप्रिल 2008 मध्ये विसाव्या वर्षी लागलेला कामगार 58 व्या वर्षी, म्हणजे 2046 साली निवृत्त होईल. त्याच्यामागे त्याची बायको पेन्शन घेईल. 2070 नंतरही या शब्दाचे पैसे द्यावे लागतील, आणि ते देणारे करदाते अजून जन्मायचे आहेत.

या देण्यामागे उभी असलेली तिजोरी कशी आहे? महापालिकेच्या मुदत ठेवी 2022 च्या सुमारास 92 हजार कोटींवर होत्या; 2025 च्या सुरुवातीला त्या 82 हजार कोटींच्या आसपास आल्या. त्याच काळात अर्थसंकल्प 45,949 कोटींवरून 74,427 कोटींवर गेला. हाती घेतलेल्या आणि नियोजित प्रकल्पांचं देणं दोन लाख कोटींच्या पुढे आहे. रस्ते, बोगदे, सांडपाणी प्रकल्प हवेतच. त्यांना विरोध नाही. पण या ठेवींतला मोठा वाटा भविष्य निर्वाह निधी, पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि ठेकेदारांच्या अनामत रकमेचा आहे. तो ‘पडून असलेला पैसा’ नव्हे. दुसऱ्याची ठेव आहे ती.

उत्पन्नाकडेही बघा. 1 जुलै 2017 ला जकात गेली. हक्काचं सर्वात मोठं उत्पन्न गेलं आणि त्याजागी राज्याकडून येणारी भरपाई आली. 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. माझ्याही घराला तो माफ आहे, आणि मला ते आवडतं. पण आवक आटली तर घागर कशी भरणार, हेही मलाच विचारायला हवं.

कबूल केलेलं पेन्शन बंद पडेल, असं होऊ शकतं का? झालेलं आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात प्रिचर्ड नावाचं छोटं शहर आहे. पेन्शन निधी 2009 मध्ये संपेल, असा इशारा तिथल्या कारभाऱ्यांना काही वर्षं आधीच मिळाला होता. कुणी मनावर घेतलं नाही. निधी सांगितल्या वेळी संपला आणि सप्टेंबर 2009 पासून सुमारे 150 निवृत्तांचे धनादेश बंद झाले. पूर्ण पेन्शन देण्याचं कायद्याचं बंधन होतं. पण रिकाम्या तिजोरीतून कायदा काय काढणार? डेट्रॉइटनं 2013 मध्ये दिवाळखोरी पुकारली, तेव्हा सामान्य निवृत्तांच्या पेन्शनमधून 4.5 टक्के कापले गेले आणि महागाईनुसार होणारी वाढ थांबली. इतकं दूर कशाला, आपल्या बेस्टचे निवृत्त कामगार ग्रॅच्युइटीच्या हक्काच्या पैशांसाठी आंदोलनं करून थकलेले आपण पाहिले आहेत. आयुष्यभर बस चालवलेल्या माणसानं म्हातारपणी रस्त्यावर बसायचं, हे या शहराला शोभत नाही.

म्हणून मागणं चारच गोष्टींचं आहे.

1. पेन्शन निधीचं विमागणिती मूल्यमापन दरवर्षी व्हावं. आजवर कबूल केलेलं देणं किती, जमा किती आणि तूट किती, हे मराठीत एका पानावर अर्थसंकल्पासोबत छापावं.

2. पेन्शन, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीच्या ठेवी प्रकल्पांच्या ठेवींपासून वेगळ्या दाखवाव्यात. त्यातून अंतर्गत उचल घ्यायची झाल्यास सभागृहात चर्चा करूनच घ्यावी, आणि परतफेडीची तारीख आधी ठरावी.

3. तूट असेल तर ती किती वर्षांत भरून काढणार, याचं वेळापत्रक जाहीर व्हावं.

4. निधीवर देखरेख करताना निवृत्तांचे आणि 2008 नंतर लागलेल्यांचेही प्रतिनिधी सोबत असावेत.

जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवक नव्हते. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर आता 227 आहेत. तुमच्या नगरसेवकाला गाठा. गटाराबद्दल विचारता, तसं याबद्दलही विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात एवढंच लिहा: ‘पेन्शन निधीचं शेवटचं मूल्यमापन कोणत्या तारखेचं आहे, आणि त्याची प्रत मिळावी.’ सोसायटीत एकानं केला तरी पुरे. उत्तर आलं की जिन्याखालच्या फलकावर लावा, पाणीकपातीची नोटीस लावतो तिथेच.

निवृत्त काका-काकूंनो, तुम्ही संघटनेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. नव्या कामगारांनो, ‘आमचं पेन्शन वेगळं’ म्हणून बाजूला होऊ नका. तिजोरी एकच आहे. आणि ज्यांच्या घरात पालिकेचं कुणीच नाही त्यांनीही साथ द्यावी, कारण तूट पडली तर ती तुमच्या करातून किंवा तुमच्या रस्त्यातून भरली जाईल.

येत्या नोव्हेंबरात बाबा पुन्हा अंगठा पुसून यंत्रावर ठेवतील. आपण हयात आहोत, हे दरवर्षी दाखवून देण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. निधीलाही वाटू नये. तो महिना यायच्या आत आपले अर्ज पोचलेले असू देत.

आपली,
एका चावीवाल्याची मुलगी