दोष माणसाचा की पडद्याचा?

संगणकावरील काम बिघडले की पहिला ठपका कळ दाबणाऱ्यावर बसतो. ११ ऑगस्ट २०२० रोजी अमेरिकेतील सिटी बँकेत घडलेला प्रकार या सोयीस्कर समजुतीला धक्का देणारा आहे. रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीच्या कर्जावरील सुमारे ७८ लाख डॉलर व्याज धनकोंना पोचते करावयाचे होते. प्रत्यक्षात मुद्दलासह जवळजवळ ९० कोटी डॉलर बँकेच्या स्वतःच्या तिजोरीतून निघून गेले.

मुद्दल बँकेतच राहावे यासाठी पडद्यावरील तीन चौकटी भरणे आवश्यक होते. 'मुद्दल' असे नाव असलेली एकच भरली गेली. भारतातील कंत्राटदार कंपनीचे दोघे कर्मचारी आणि मंजुरी देणारा बँकेचा अधिकारी, तिघांचाही समज तोच होता. अखेरीस इशाराही उमटला. परंतु पैसे बँकेबाहेर जातील एवढेच त्यात होते, किती जातील हे नव्हते. व्याज तर बाहेर जाणारच होते! साहजिकच इशारा खरा असूनही निरुपयोगी ठरला.

डोनाल्ड नॉर्मन यांनी चुकांचे दोन प्रकार मानले: हेतू योग्य असूनही हात घसरणे आणि मुळात समजच चुकीचा होणे. येथे दुसरा प्रकार घडला. अशा चुकीवर अधिक डोळे नेमणे हा उपाय नव्हे. कारण तोच पडदा प्रत्येकाची तीच दिशाभूल करतो. व्यवहार तपासणे वेगळे आणि पडदा तपासणे वेगळे.

पडदा तपासण्याची रीत अज्ञात नाही. याकोब निल्सन व रोल्फ मोलिख यांनी १९९० मध्ये ती मांडली. ठरावीक कसोट्यांवर अनेक परीक्षकांनी स्वतंत्रपणे दोष शोधावेत. कारण एकट्याच्या नजरेस सरासरी एक-तृतीयांशच दोष पडतात. पुढे निल्सन यांनी दोषांना शून्य ते चार अशी प्रतवारी दिली. दोष किती वेळा आडवा येतो, किती हानी करतो आणि एकदा कळल्यावर टाळता येतो का, यांवर ती ठरते. या वर्गीकरणाचे मोल असे की, रंग न आवडणे आणि कोट्यवधींची रक्कम हातची जाणे या तक्रारी एकाच फायलीत पडत नाहीत.

सुमारे ५० कोटी डॉलर परत मिळण्याचा बँकेचा दावा २०२१ मध्ये न्यायालयाने फेटाळला. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. बँकेपाशी वकिलांची फौज होती. विद्यार्थ्यांची माहिती भरणारा शिक्षक किंवा खिडकीवरचा कारकून यांच्यापाशी ती नसते. त्यांच्या वाट्याला खुलाशाची नोटीस येते. म्हणूनच चूक झाल्यावर 'कोणी केली?' असे विचारण्यापूर्वी 'पडद्याने काय सांगितले होते?' हा प्रश्न चौकशीत प्रथम यावयास हवा. तो टाळणारे कार्यालय माणसे बदलत राहील. चूक मात्र जागच्या जागी राहील.