आमची काही हरकत नाही

आरोग्यविम्याची कंपनी बदलायची ठरवली, ही या आठवड्यातली माझी एकमेव मर्दुमकी. जुनी कंपनी दरवर्षी हप्ता वाढवते आणि वर वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवते. दोन्हीतलं जास्त संतापजनक कोणतं, हे अजून ठरलेलं नाही. नव्या कंपनीचा एजंट घरी आला, चहा प्यायला आणि फॉर्म भरायला बसला. मधुमेह? आहे, लिहा. रक्तदाब? आहे, लिहा. काही ऑपरेशन? मूळव्याधीचं, मी जरा घुटमळत म्हणालो. त्याने ते मोठ्याने उच्चारून लिहिलं. पुढचा प्रश्न होता, मानसिक आजारासाठी कधी उपचार घेतले आहेत का? मी म्हटलं, चालू आहेत. त्याचं पेन थांबलं. त्याने एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मूळव्याधीच्या निम्म्या आवाजात म्हणाला, "काका, इथे आपण 'नाही' टाकू."

मी त्याला कायदा ऐकवला. मी कायदा ऐकवायला लागलो की घरातली माणसं आपापल्या कामाला लागतात, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, कलम २१, पोटकलम ४ : शरीराच्या आजाराला ज्या अटींवर विमा देता, त्याच अटींवर मनाच्या आजारालाही द्या. कायदा मे २०१८मध्ये लागू झाला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना तसं कळवलं, आणि तरीही २०२१मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला हे पुन्हा समजावून सांगावं लागलं. शिवाय आज फॉर्मवर खोटं लिहिलं, तर उद्या गुडघ्याच्या दाव्यालाही कंपनी तेच कारण दाखवायला बघेल. एजंटने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सगळं बरोबर आहे काका, पण उगीच कशाला?"

या 'उगीच कशाला'शी माझी जुनी ओळख आहे.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात माझं काहीतरी बिनसलं. पहाटे साडेतीनला टक्क जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत पंख्याकडे बघत पडून राहायचं. जेवणाला चव नव्हती. पण हे सगळं किरकोळ. खरं लक्षण असं की मला कशाचाच राग येईनासा झाला. आमच्या फाटकासमोरच्या खड्ड्यावर या सदरात मी इतकं लिहिलंय की महापालिकेने त्याला माझंच नाव द्यावं. त्या खड्ड्याला मी मुकाट वळसा घालू लागलो. पाणचट चहा प्यायलो. सोसायटीच्या वार्षिक सभेत शेवटपर्यंत गप्प बसलो, तेव्हा सेक्रेटरींनी इतिवृत्तात सहकार्याबद्दल आभार मानले. वाचकांची पत्रं आली की लेखणीला आता प्रगल्भता आली आहे. संपादकही खूश दिसले. माणूस अखेर निवला, असं सर्वांचं मत पडलं. फक्त बायको एका सकाळी म्हणाली, "अहो, पेपर वाचताना तुम्ही हल्ली ओरडत नाही. डॉक्टरकडे चला."

डॉक्टर म्हणजे कुठले, हे ठरेपर्यंत पावसाळा आला. फॅमिली डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या. पोटवाल्यांनी दुर्बीण घातली. छातीत धडधडतं म्हटल्यावर हृदयवाल्यांनी ईसीजी काढला, इको काढला, पट्ट्यावर पळवलं. मानेचा एक्स-रे कोणी सांगितला ते आता आठवत नाही. प्रत्येक ठिकाणाहून 'नॉर्मल' असा शेरा घेऊन मी बाहेर यायचो. घरचे पेढे वाटायच्या बेतात, आणि मी खट्टू. इमारत बांधताना पाणी, वीज, अग्निशमन अशा सगळ्या खात्यांची ना-हरकत प्रमाणपत्रं लागतात, तसं जठर, हृदय, मान या सगळ्यांनी 'आमची काही हरकत नाही' असं लिहून दिल्याशिवाय मराठी माणूस मानसोपचारतज्ज्ञाच्या जिन्यावर पाय ठेवत नाही. थायरॉइडचं तेवढं वेगळं. ते मंदावलं की मनही मंदावतं, आणि पुढे मानसोपचारवाल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तोच रिपोर्ट मागितला. बाकीच्या खात्यांवर किती खर्च झाला, ते मी जोडलेलं नाही. मानसोपचाराची फी फार असते, असं म्हणणाऱ्यांनी तो जोडून बघावा. बंगळूरूच्या निम्हान्सने २०१५-१६मध्ये बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोक, आजार कोणता त्यानुसार, उपचारांविना आढळले. त्यातले बरेच जण त्या वेळी कुठल्या तरी सोनोग्राफीच्या रांगेत बसले असणार, अशी माझी खात्री आहे.

दवाखाना ज्या इमारतीत होता, तिथे पहिल्या मजल्यावर दंतवैद्य आणि दुसऱ्यावर मानसोपचार. ही रचना ज्याने केली, त्याला माणसं कळत होती. जिन्यात भेटणारा जो तो गाल चोळत असतो. वर बाकावर आमच्याच सोसायटीतले एक गृहस्थ बसले होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, मग दोघांनीही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "मिसेसला घेऊन आलोय," ते म्हणाले. मिसेस कुठे दिसत नव्हत्या. "मीही," मी म्हणालो. माझी शेजारीच बसली होती. त्याचा हिशेब तिने अजून पुरता चुकता केलेला नाही. तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीने माझं नाव वडिलांच्या नावासकट असं पुकारलं की खालचे दातवालेही उठून बसले असतील. दातवाल्यांकडे टोकन आहे, नंबर दिव्यावर उजळतो. जिथे माणूस मान खाली घालून येतो, तिथे मात्र पूर्ण नाव! यावर एक स्वतंत्र लेख होईल.

आत गेल्यावर मी कोच शोधत होतो, सिनेमात आडवं पडून बोलतात तो. एक टेबल, रक्तदाबाचं यंत्र आणि औषध कंपनीने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ, एवढंच होतं. डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाच्या. झोप कशी, भूक कशी, वजन उतरलं का, दारू घेता का, घरात आणखी कोणाला असं झालं होतं का. लहानपणाचं काढतील म्हणून मी आजोळच्या विहिरीचा एक प्रसंग नीट घोळवून नेला होता. तो वायाच गेला. मग भूक विचारली होती त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "जगू नये असं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?"

बायकोने चमकून माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नव्हता. आपल्या घरांतून तो विचारायची सोयच नसते, कारण कोणी त्या बाजूला वळलं की लगेच 'शुभ बोल नाऱ्या'. विचारलं तर विचार डोक्यात शिरेल, असंही आपण धरून चालतो. डॉक्टर मंडळी नेमकं उलट सांगतात, विचारल्याने माणूस बोलू लागतो. मी म्हणालो, जीव द्यावा असं नाही वाटत, पण सकाळी जागच आली नाही तर बरं, असं वाटतं. त्यांनी ते लिहून घेतलं. दचकल्या नाहीत, समजूत घातली नाही, 'तुम्हाला काय कमी आहे' म्हणाल्या नाहीत. हा विचार कधीपासून येतो, किती वेळा येतो ते विचारलं आणि तेही लिहिलं. साखरेच्या शेजारी, रक्तदाबाच्या खाली, निळ्या शाईत.

एक छोटी गोळी, सकाळी नाश्त्यानंतर. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, त्याआधी मळमळेल, आणि बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायची नाही. बोलण्यासाठी दुसऱ्या एका बाईंकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांना गोळ्या लिहिता येत नाहीत, पण पाऊण तास मध्ये न तोडता ऐकता येतं. आमच्या घराण्यात हे कोणालाच जमलेलं नाही.

साडूंना बातमी बायकोच्या बहिणीकडून लागली, म्हणजे त्याच दिवशी. त्यांनी फोन करून आधी विनोद केला, "येरवड्याला ओळख आहे हो माझी." मी तेव्हा हसलो नाही, पण नंतर गंमत वाटली. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, इंग्रजांच्या काळापासून चार गावांत चार मोठी मनोरुग्णालयं आहेत, आणि प्रत्येक टापूने आपापला विनोद त्यावर बांधून घेतलाय. नागपुरात तर एका चौकालाच लोक पागलखाना चौक म्हणतात आणि रिक्षावाला न हसता तिथे सोडतो. विनोद झाल्यावर साडू गंभीर झाले. "या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत." हे गृहस्थ कित्येक वर्षं रात्री झोपेची अर्धी गोळी घेतात. ती कोणी लिहून दिली होती, हे त्यांनाही आठवत नाही. सवय लागते ती त्या जातीच्या गोळ्यांची. माझी बंद करायची वेळ येईल तेव्हा ती हळूहळू उतरवावी लागेल, एवढंच. हे मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, "माझी साधी गोळी आहे हो, झोपेची."

साधारण महिन्याभराने एका सकाळी मी पहिल्या पानावरच्या मथळ्यातल्या ऱ्हस्व-दीर्घावरून ओरडलो. स्वयंपाकघरातून आवाज आला, "आलात वाटतं." प्रगल्भतेवर खूश झालेल्या वाचकांनी मला माफ करावं.

मग दिवाळीनंतर साडूंच्या मुलीचं लग्न झालं. कार्यालयात पंगती उठेपर्यंत साडूंनी माझी बातमी दोन्ही पक्षांकडे पोचवली होती. लोक तोंड फिरवतील अशी मी तयारी ठेवली होती. झालं भलतंच. मी हात धुवायला बेसिनपाशी गेलो, तर एक जण शेजारच्या नळावर येऊन कितीतरी वेळ हात धूत राहिला. मुलाकडचे कोणीतरी मामा. मुलगी बारावीत आहे, खोलीबाहेर येत नाही, कोणाला विचारायचं? मी नाव सांगितलं, आणि सरकारचा १४४१६ हा नंबरही दिला. टेलिमानस म्हणतात त्याला. २०२२मध्ये सुरू झालाय, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि तिथे कोणी वडिलांच्या नावासकट पुकारत नाही. त्यांच्यामागून एक काकू आल्या. मग बायकोकडचा एक मेव्हणा, ज्याने गेल्या कित्येक लग्नांत माझ्याशी पार्किंगखेरीज कशावरही बोलणं केलेलं नाही. बेसिनपाशी रांग बघून आचाऱ्याने पाण्याची टाकी तपासायला माणूस पाठवला.

सगळ्यात शेवटी साडू आले. हातात पान होतं. ते माझ्याकडे न बघता आरशात बघत म्हणाले, "तुमच्या त्या बाई शनिवारी असतात का हो? झोपेचंच आहे, बाकी काही नाही."

असतात, मी म्हटलं. संध्याकाळी सहानंतर. गाडी मागच्या गल्लीत लावा, पुढे टोइंगवाले उचलतात.